पहिली ऑर्डर राज्याने द्यावी: हवामान तंत्रज्ञानाच्या कंपन्या आपल्याकडे रुजवायच्या कशा

गेल्या महिन्यात उद्योग खात्यात नव्याने रुजू झालेले एक अधिकारी सांगलीजवळच्या आमच्या शेडवर आले होते. वय तिशीच्या आतलं, हातात वही. चहा येईपर्यंत त्यांनी सरळच विचारलं, "मॅडम, तुमच्यासारख्या कंपन्या राज्यात याव्यात आणि इथेच मोठ्या व्हाव्यात, यासाठी आम्ही नेमकं काय करायचं?" अकरा वर्षं हा धंदा करतेय, पण खात्यातल्या कुणी हा प्रश्न मला विचारला नव्हता. त्या दिवशी सुचलं तेवढं बोलले. राहिलेलं इथे लिहितेय.

आधी आमचं काम सांगते, म्हणजे पुढचं लक्षात येईल. डेअरीत दूध 72 अंशांपर्यंत तापवून 15 सेकंद तसंच ठेवतात आणि लगेच 4 अंशांपर्यंत थंड करतात. त्यासाठी आवाराच्या एका टोकाला बॉयलर पेटलेला असतो, ब्रिकेट (भुसा-पाचट दाबून केलेल्या जळणाच्या विटा) नाहीतर फर्नेस ऑइलवर. दुसऱ्या टोकाला अमोनियाचा कंप्रेसर धडधडत असतो, आणि त्याने ओढून काढलेली सगळी उष्णता कूलिंग टॉवरवरून हवेत जाते. एकीकडे उष्णता विकत घ्यायची आणि पन्नास पावलांवर तीच फेकून द्यायची, असा हा रोजचा कारभार. आमचा हीटपंप ती वाया जाणारी उष्णता उचलून 85 अंशांचं पाणी देतो. एका युनिट विजेत साधारण अडीच युनिट उष्णता मिळते, आणि त्याच युनिटात दीड युनिट थंडीही पदरात पडते.

हवामान तंत्रज्ञान, म्हणजे हवामान बदलाला आळा घालणारी यंत्रं आणि पद्धती, म्हटलं की बॅटरी आणि हायड्रोजन डोळ्यांसमोर येतात. पण या क्षेत्रातल्या बऱ्याच कंपन्या आमच्यासारख्या आहेत. पत्रा, पाइप, वेल्डिंग, आणि इथे आजवर कुणी न वापरलेलं एखादं यंत्र. ते विकायला गेलं की गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, "आधी कुठे बसवलंय?"

सुरुवात इथून करा

या एका प्रश्नावर चांगल्या कंपन्या अडकून पडतात. आम्हाला पहिलं यंत्र बसवायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत आमच्या यंत्रात काही बदललं नव्हतं, फक्त "चला, दाखवते" म्हणायला जागा नव्हती.

ती जागा राज्य देऊ शकतं. सरकारी रुग्णालयांत रोज चादरी धुतल्या जातात, त्याला गरम पाणी लागतं. आश्रमशाळा आणि वसतिगृहांत शेकडो मुलांचा स्वयंपाक होतो. एसटीचे डेपो, तुरुंग, पाणीपुरवठ्याची पंपघरं, नगरपालिकांचे कचरा डेपो, सगळं राज्याच्या नाहीतर स्थानिक संस्थांच्या हातात आहे. म्हणून पहिलं काम हे करा: प्रत्येक खात्याला इंधन, वीज आणि कचरा यांवर कुठे किती खर्च होतो ते लिहून काढायला सांगा. त्यातले वीस प्रश्न निवडा आणि जाहीर करा. प्रश्न नेमका हवा. "हरित उपाय सुचवा" असं लिहिलंत तर कंपन्या तुम्हाला सादरीकरणं देतील. "300 खाटांच्या रुग्णालयाच्या धुलाई विभागाला डिझेल बॉयलरशिवाय रोज इतकं गरम पाणी" असं लिहिलंत तर यंत्र मिळेल.

आपल्याकडे याची सुरुवात झालेली आहे. महाराष्ट्र राज्य नावीन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या 24 कंपन्यांना सरकारी खात्यांकडून 15 लाखांपर्यंतची कामाची ऑर्डर मिळायची. ही कल्पना मला मनापासून आवडते, कारण त्यात बक्षिसाऐवजी काम मिळतं आणि कामाचा दाखला मिळतो. मला जोडायचंय ते पुढचं पाऊल. प्रायोगिक काम देतानाच कागदावर लिहा की सहा महिन्यांत यंत्राने ठरलेली बचत दाखवली, तर हेच खातं आणखी वीस यंत्रं दरकरारावर, म्हणजे एकदा ठरलेल्या भावाने, घेईल. हे वाक्य नसेल तर प्रयोग यशस्वी होतो, फोटो निघतात आणि कंपनी पुन्हा शून्यावर येते.

दुसरी अडचण निविदेच्या अटींची. तीन वर्षांची उलाढाल आणि अशाच पाच कामांचा अनुभव मागितला, की नवं तंत्रज्ञान दारातच अडतं. स्टार्टअपना या अटींत सवलत देता येते, नियमात तशी सोय आहे. पण निविदा तयार करणारा माणूस उद्याच्या ऑडिटला घाबरतो, आणि त्याचं घाबरणं मला चुकीचं वाटत नाही. त्याच्या हातात वरून आलेला तयार मसुदा द्या: अनुभवाऐवजी कामगिरीची हमी घ्या, बचत झाली तर पैसे, नाही झाली तर यंत्र कंपनीने स्वखर्चाने काढून न्यायचं. मी अशी अट आनंदाने मान्य करेन, आणि ज्याला आपल्या यंत्रावर भरवसा आहे तो प्रत्येक जण करेल.

मग वेळेवर पैसे द्या

याबद्दल मला जरा जास्त बोलू द्या. चार वर्षांपूर्वी एका सार्वजनिक संस्थेत आम्ही यंत्र बसवलं. ते पहिल्या दिवसापासून चाललं. बिल मिळालं चौदा महिन्यांनी. दर सोमवारी मी फाइल कुठल्या टेबलावर आहे हे विचारायला जायचे. शिपायांना माझं नाव पाठ झालं होतं. शेवटी कळलं की एक सही राहिली होती आणि सही करणाऱ्यांची बदली झाली होती. त्या काळात आमचे दोन वेल्डर चाकणला निघून गेले. अमोनियाच्या लाइनचं वेल्डिंग हे काम कुणालाही देता येत नाही. जोड एवढासा गळला तरी आख्खा प्लांट रिकामा करावा लागतो. ती दोन माणसं तयार करायला मला तीन वर्षं लागली होती.

कायदा आमच्या बाजूने आहे. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी आहे त्याच्यावर दावा कोण लावणार? म्हणून जबाबदारी राज्याने उचलावी. कामाचा आदेश निघायच्या आधीच त्या कामाची रक्कम वेगळ्या खात्यात जमा करा. यंत्र सुरू झाल्याच्या दाखल्यावर ती आपोआप सुटेल अशी व्यवस्था करा. दहा टक्के भांडवली अनुदान आणि वेळेवर मिळालेलं बिल यांतलं एक निवडायला सांगितलं, तर मी डोळे मिटून बिल निवडेन.

नियम हाही गिऱ्हाईक आणतो

सगळंच राज्याने विकत घ्यायचं नाही. खाजगी कारखान्यांना बदलायचं कारण मिळालं की बाजार उभा राहतो. सुरतेत 2019 मध्ये कापड कारखान्यांच्या धुराड्यांतून निघणाऱ्या धूलिकणांसाठी उत्सर्जन व्यापार सुरू झाला. धूलिकणांसाठीची जगातली ही पहिलीच अशी बाजारपेठ. प्रत्येक धुराड्यावर सतत मोजणारं उपकरण, एकूण धुरावर मर्यादा, आणि ज्याचा धूर कमी त्याने उरलेला परवाना दुसऱ्याला विकायचा. धूर कमी झाला, आणि मोजमापाची उपकरणं, फिल्टर, सुधारित बॉयलर यांना मागणी आली.

इचलकरंजी आमच्यापासून तासाभरावर आहे. तिथली कापडाची प्रोसेसिंग युनिटं आणि सायझिंगचे (सुताला खळ लावण्याच्या कारखान्यांचे) बॉयलर पाहिले की मला सुरतच आठवते. महाराष्ट्राने 2017 मध्ये कारखान्यांच्या धुराला तारे देऊन यादी लोकांसमोर ठेवायला सुरुवात केली होती, म्हणजे मोजायची सवय आपल्यालाही आहे. फक्त एक पथ्य पाळा. नियम आज जाहीर करा, लागू तीन वर्षांनी करा, आणि ती तारीख हलवू नका. तारीख पक्की असली की कारखानदार बँकेत जातो आणि आमच्यासारखे लोक जास्तीचा माल तयार ठेवतात.

तारीख हलली की काय होतं ते आमच्या भागाने इथेनॉलमध्ये पाहिलंय. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट वाढत गेलं तसे साखर कारखान्यांनी कर्ज काढून प्रकल्प उभारले, असे प्रकल्प उभारून देणाऱ्या पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजसारख्या कंपन्यांना देशातच मोठा बाजार मिळाला. आणि 7 डिसेंबर 2023 ला, गाळप हंगाम चालू असताना, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला केंद्राने बंदी घातली. काही दिवसांत ती सैल झाली, साखरेच्या तुटवड्याची भीती हे कारणही समजण्यासारखं होतं. पण हप्ते चालूच होते. राज्याला केंद्राचे निर्णय बदलता येत नाहीत. आपले स्वतःचे नियम तरी दहा वर्षं टिकतील असं वचन राज्य देऊ शकतं.

वीजदराचंही तसंच. केंद्राच्या 2023 च्या नियमांप्रमाणे उन्हाच्या तासांत उद्योगांना वीज किमान 20 टक्के स्वस्त मिळायला हवी. आमच्या यंत्राला हे फार सोयीचं आहे: दुपारी पाणी तापवून टाकीत ठेवायचं, पहाटे टँकर लागले की वापरायचं. पण गिऱ्हाईक टाकीवर खर्च कधी करेल? हा फरक पाच वर्षं तरी राहील याची खात्री पटली तरच.

तपासायची सोय

पुण्याच्या आसपास गाड्यांचा उद्योग एवढा का वाढला याची कारणं बरीच आहेत, पण एक कारण लोक विसरतात. एआरएआय ही वाहनांची चाचणी करणारी संस्था 1966 पासून तिथे आहे. नवा सुटा भाग केला की तो तपासायला दूर जावं लागत नाही. बोस्टनमध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने असंच केलं: 2011 मध्ये बंदराजवळ पवनचक्कीची 90 मीटरपर्यंतची पाती वाकवून तपासायचं केंद्र उघडलं.

आमचं सव्वा टनाचं यंत्र दाखल्यासाठी दुसऱ्या राज्यात पाठवावं लागलं होतं. चार महिने रांगेत गेले. तिथे एक व्हॉल्व्ह बदलायची वेळ आली तेव्हा मी आणि आमचा फिटर रात्रीच्या बसने तो व्हॉल्व्ह पिशवीत घालून घेऊन गेलो. तोच व्हॉल्व्ह आज प्रत्येक यंत्रात आहे. म्हणजे चाचणीतूनच यंत्र सुधारतं, आणि ती जवळ असेल तर वर्षातून चारदा सुधारतं. म्हणून प्रत्येक भागात तिथल्या धंद्याला जुळणारं एक केंद्र काढा. कोल्हापूर-सांगलीत उष्णता आणि वाफ, छत्रपती संभाजीनगरात बॅटरी आणि मोटारी, नाशकात शेतमाल वाळवणं आणि शीतगृहं. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात काढा, तासाच्या भाड्यावर सगळ्यांना उघडं ठेवा, आणि चालवायला कायमची माणसं नेमा. यंत्रसामग्री आणून कुलूप लावलेली प्रयोगशाळा मी पाहिली आहे.

माणसांवरून सांगते. आयटीआयत रेफ्रिजरेशन आणि एसीचा ट्रेड आहे. त्याच मुलांना सहा महिने अमोनिया, उच्च दाबाचं वेल्डिंग आणि पॅनेल वायरिंग शिकवा, निम्मा वेळ आमच्या शेडवर. पगार निम्मा आम्ही देऊ, निम्मा राज्याने द्यावा. माझी सध्याची सगळ्यात चांगली तंत्रज्ञ जत तालुक्यातली एक मुलगी आहे, आयटीआयतून आलेली. गेज न बघता, नुसत्या आवाजावरून कंप्रेसरमध्ये द्रव शिरतोय हे ती ओळखते.

अनुदान द्यायचंच असेल तर

कामाला द्या, खरेदीला देऊ नका. पवनचक्क्यांच्या सुरुवातीच्या काळात करात वेगवान घसाऱ्याची सवलत होती. चक्की उभी केली की कर वाचायचा, मग ती किती फिरते याची काळजी कमी. डिसेंबर 2009 मध्ये केंद्राने तयार झालेल्या प्रत्येक युनिटमागे 50 पैसे द्यायची योजना आणली, तेव्हा लक्ष विजेकडे वळलं. आमच्या धंद्यातही मीटर बसवा आणि वाचलेल्या इंधनाच्या हिशेबाने तीन वर्षं पैसे द्या.

जमिनीबद्दल थोडक्यात. नुसता भूखंड स्वस्त आहे म्हणून लहान कंपनी येते असं नाही. तिला चार-पाच हजार चौरस फुटांची तयार शेड हवी असते, क्रेन आणि पुरेशा वीजजोडणीसह, भाड्याने. मोठ्या सौर प्रकल्पांचा प्रश्न वेगळा, तिथे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतकऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आणि दरवर्षी 3 टक्के वाढ आहे. जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आणि उद्याच करता येईल असं एक काम. गेल्या पाच वर्षांत राज्य सोडून गेलेल्या किंवा बंद पडलेल्या कंपन्यांची यादी काढा आणि एकेकाला फोन करा. बॅटरीचे पॅक बनवणारा माझा एक मित्र शेजारच्या राज्यात गेला. चाळीस माणसं घेऊन गेला. त्याच्या शेडला वाढीव वीजजोडणी मिळायला सात महिने लागले होते, तेवढंच कारण. कुणी विचारलं असतं तर त्याने दोन मिनिटांत सांगितलं असतं. त्या अधिकाऱ्यांनी जाताना त्याचा नंबर मागून घेतला, आणि परवा मित्राचा फोन आला की ते त्याच्याशी पाऊण तास बोलले.