यीस्ट साखरेतून ऊर्जा कशी काढतं: चार बाटल्यांचा प्रयोग

बाटलीत यीस्ट, साखर आणि कोमट पाणी घातलं की तोंडावर लावलेला फुगा फुगतो. पण एवढ्यावर थांबलात तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आतली हवा तापली तरी फुगा थोडा उभा राहतो. वायू यीस्टच्या जिवंत पेशींनीच सोडला आणि तो साखरेतूनच आला हे दाखवायचं असेल, तर शेजारी आणखी तीन बाटल्या हव्यातच.

अर्ध्या लिटरच्या चार एकसारख्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत ४० अंश सेल्सिअसचं २०० मिली पाणी. थर्मामीटर नसेल तर एक वाटी उकळतं पाणी आणि चार वाट्या नळाचं पाणी मिसळा. आपल्याकडच्या हवेत ते साधारण ४० अंशांवर येतं. पहिल्या बाटलीत ३ ग्रॅम ड्राय यीस्ट (चहाचा एक सपाट चमचा) आणि ५ ग्रॅम साखर घाला. दुसरीत तेवढंच यीस्ट, पण साखर नाही. तिसरीतलं यीस्ट आधी पाण्यात ५ मिनिटं उकळून ४० अंशांपर्यंत निववा, मग त्यात साखर घाला. चौथीत फक्त साखरेचं पाणी. फुगे आधी तीनचार वेळा तोंडाने फुगवून सैल करा. कोरा फुगा इतका ताठ असतो की सुरुवातीचा वायू त्याला हलवतही नाही. चारही बाटल्या कोमट पाण्याच्या एकाच परातीत ठेवा आणि दर १० मिनिटांनी फुग्याचा घेर दोऱ्याने मोजून लिहून ठेवा.

पहिला फुगा १५ ते २० मिनिटांत उभा राहतो आणि तासाभरात चांगला मोठा होतो. चौथा जेवढा हलेल तेवढी तापलेल्या हवेची करामत समजा आणि बाकीच्यांतून वजा करा. दुसऱ्या बाटलीत थोडे बुडबुडे आले तर प्रयोग बिघडला असं समजू नका: यीस्टच्या पेशीत ग्लायकोजेन आणि ट्रेहॅलोज यांचा साठा असतो, बाहेरून साखर मिळाली नाही की ती तो मोडून खाते. तिसरा फुगा लोळलेलाच राहतो, कारण उकळल्यावर विकरांची (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांची) घडी विस्कटते. इथे ‘पेशी मेली म्हणून काम थांबलं’ एवढंच म्हणणं अपुरं आहे. एडुआर्ड बुख्नर यांनी १८९७ मध्ये यीस्टच्या पेशी वाटून गाळलेल्या रसातही साखरेचं किण्वन (आंबणं) होतं हे दाखवलं; १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळालं. पेशी अखंड नसली तरी विकरं शाबूत असली की काम चालतं.

वायू कोणता, हे चुन्याच्या निवळीने तपासा. खायचा चुना अर्धा चमचा, पाणी पाव लिटर. ढवळून रात्रभर झाकून ठेवा आणि सकाळी वरचं स्वच्छ पाणी अलगद ओतून घ्या. उघडं राहिलं तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेच त्यावर पांढरी साय धरते. डोळ्यांना जपा. पहिल्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून कोरी सलाईनची नळी घट्ट बसवा आणि दुसरं टोक निवळीत बुडवा. निवळी दुधाळ होते. वायू बराच वेळ जात राहिला तर ती पुन्हा स्वच्छ होते, म्हणून पहिल्या बदलाची वेळ टिपून घ्या. बाटली निवू लागली की निवळी नळीतून उलटी आत ओढली जाते. त्याआधी नळी बाहेर काढा.

आता पेशीच्या आत. घरातल्या साखरेचे दोन तुकडे, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, पेशीच्या बाहेरच्या अंगाला इन्व्हर्टेज हे विकर करतं. ग्लुकोज आत गेलं की पेशीद्रव्यात त्याचे पायरुविक आम्लाचे दोन रेणू होतात. या वाटेत दोन एटीपी (पेशीत ऊर्जा साठवून पुरवणारे रेणू) खर्च होतात आणि चार तयार होतात. हातात उरतात दोन. पण याच वाटेवर एनएडी या वाहकावर हायड्रोजन चढतो. वाहक पेशीत मोजकेच असतात. ते सगळे भरले की पुढचा ग्लुकोज फुटूच शकत नाही, साखर कितीही असो. म्हणून यीस्ट पायरुविक आम्लातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि उरलेल्यावर तो हायड्रोजन उतरवतं. त्याचंच अल्कोहोल होतं. अल्कोहोल बनवण्याच्या या पायरीत एटीपीचा एक रेणूही मिळत नाही. ती केवळ वाहक रिकामे करण्यासाठी आहे. विरजणातले जीवाणू हेच ओझं थेट पायरुविक आम्लावर उतरवून लॅक्टिक आम्ल करतात, म्हणून दही आंबट होतं पण फुगत नाही.

ऑक्सिजन वापरला तर पायरुविक आम्ल तंतुकणिकेत (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागात, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात) जातं आणि वाहकांवरचा हायड्रोजन शेवटी ऑक्सिजनला मिळून पाणी होतं. माणसाच्या पेशीत एका ग्लुकोजमागे ३० ते ३२ एटीपी मिळतात. जुन्या पुस्तकांतला ३८ हा आकडा कागदी हिशोबाचा आहे. तंतुकणिकेच्या पटलातून होणारी गळती आणि ने-आण यांचा खर्च त्यात धरलेला नाही. यीस्टचं उत्पन्न त्याहून कमी असतं.

बाटली हलवून हवा मिसळली की किण्वन थांबेल, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं आढळतं. या प्रयोगात ते थांबणार नाही. साखर भरपूर असली की बेकरीचं यीस्ट ऑक्सिजन असतानाही अल्कोहोल बनवत राहतं. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. विद्यार्थ्याला निष्कर्ष लिहायला लावण्याआधी शिक्षकांनी हे सांगायलाच हवं.

फुगा फुगला नाही तर आधी यीस्ट तपासा: पाव वाटी कोमट साखरपाण्यात चिमूटभर टाका, १५ मिनिटांत फेस नाही आला तर पाकीट जुनं झालंय. पाणी ५५-६० अंशांवर असेल तर पेशी मरतात. २० च्या खाली असेल तर काम रखडतं. मीठ पडलं असेल तर पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. साखरेऐवजी नुसतं दूध घेतलंत तर जवळपास काहीच होणार नाही, कारण दुधातलं लॅक्टोज फोडणारं विकर या यीस्टकडे नसतं. हा मात्र मुद्दाम करून पाहण्याजोगा पाचवा प्रयोग आहे.

सूक्ष्मदर्शक असेल तर पहिल्या बाटलीतला एक थेंब दहा थेंब पाण्यात मिसळून ४०० पट मोठा करून बघा. अंडाकार पेशी दिसतील, काहींना लहानशी कळी फुटलेली असेल. ०.०१ टक्के मिथिलिन ब्लूचा थेंब घातला की मेलेल्या पेशी निळ्या होतात. जिवंत पेशी त्या रंगाला हायड्रोजन देऊन त्याला बिनरंगी करतात. दहा मिनिटांच्या आत मोजा, नंतर रंगानेच जिवंत पेशी मरू लागतात.

आणि बाटलीला झाकण घट्ट लावून ती कधीही ठेवू नका. १ ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर साधारण २८० मिली वायू होतो. ५ ग्रॅमचा हिशोब जवळजवळ दीड लिटर, आणि बाटलीतली मोकळी जागा फक्त ३०० मिली.