ड्रॉप्ड कर्ब घेताना या चुका टाळा : इंग्लंडमधील टेरेस्ड घरांसाठी

इंग्लंडमध्ये टेरेस्ड हाउस, म्हणजे आपल्याकडच्या रो-हाउससारखे दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असलेले घर, विकत घेतले आणि दारात गाडी लावण्याचा विषय निघाला, की बहुतेक घरांतून पहिला फोन फरशी बसवणाऱ्याला जातो. खरी चूक तिथेच होते. पुढच्या अंगणाची भिंत पाडली जाते, ब्लॉक बसतात, आणि त्यानंतर गाडी चढावी म्हणून फुटपाथची कड खाली करून मिळावी, म्हणजेच ड्रॉप्ड कर्ब मिळावा, यासाठी काउन्सिलकडे, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेकडे, अर्ज जातो. तो नामंजूर झाला, तर झालेला सगळा खर्च वाया जातो, कारण उंच कडेवरून आणि फुटपाथवरून गाडी आत नेण्याचा हक्क घरमालकाला मुळात नसतो.

फुटपाथ आणि त्याची कड हा सार्वजनिक रस्त्याचा भाग आहे. १९८० च्या हायवेज ॲक्टच्या कलम १८४ नुसार घरात वाहन नेण्यासाठी फुटपाथवरून वाट करण्याचा अधिकार रस्ते सांभाळणाऱ्या काउन्सिलकडे असतो. खर्च घरमालक करतो, तरी तयार झालेली वाट रस्त्याचाच भाग राहते. म्हणूनच काम करणारा कंत्राटदार काउन्सिलने मान्य केलेला असावा लागतो. अंगणात ब्लॉक बसवणारा माणूस कितीही कसबी असला, तरी त्याच्याकडून फुटपाथ खोदून घेऊ नये.

दुसरी चूक म्हणजे एक परवानगी मिळाली की सगळे झाले, असे समजणे. कड खाली करण्याची मंजुरी आणि प्लॅनिंग परमिशन, म्हणजे बांधकामाची किंवा जागेत बदल करण्याची परवानगी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर ए, बी किंवा सी वर्गाच्या, म्हणजे अधिकृत वर्गवारीतल्या मोठ्या, रस्त्यावर असेल, वास्तू संरक्षित यादीत असेल किंवा इमारतीत फ्लॅट असतील, तर प्लॅनिंग परमिशन सहसा लागतेच. काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशा दोन काउन्सिल असलेल्या भागांत कड खाली करण्याचा अर्ज काउंटीकडे आणि प्लॅनिंगचा अर्ज डिस्ट्रिक्टकडे जातो, आणि एका कार्यालयाचा होकार दुसऱ्यावर बंधनकारक नसतो.

माप कुठून घ्यायचे

टेरेस्ड घरांचे सर्वाधिक अर्ज अंगणाच्या खोलीवर अडतात, असे माझे मत आहे. अनेक काउन्सिल ४.८ मीटर किंवा ५ मीटर खोली मागतात आणि गाडी रस्त्याला काटकोनात, फुटपाथवर जराही पुढे न येता उभी राहिली पाहिजे, अशी अट घालतात. लोक टेप धरतात ते घराच्या मुख्य भिंतीपासून. पण जुन्या घरांना पुढे आलेली बे-विंडो असते आणि गाडी उभी राहणार ती त्या खिडकीपुढे. तेव्हा खिडकीच्या सर्वांत पुढे आलेल्या कडेपासून अंगणाच्या हद्दीपर्यंत माप घ्यावे, आणि दाराशी जाणारी पाऊलवाट वेगळी सोडावी. व्हिक्टोरियन काळातील कित्येक घरांना एवढी खोली नसतेच. तिथे गाडी तिरकी लावू, हा युक्तिवाद चालत नाही.

रुंदीतही असाच घोटाळा होतो. कडेचा प्रमाणित दगड साधारण ९१५ मि.मी. लांब असतो. तीन दगड खाली बसवले की सुमारे पावणेतीन मीटरची सपाट वाट मिळते, पण दोन्ही टोकांना एकेक उतरता दगड लागतो, म्हणून एकूण लांबी सुमारे साडेचार मीटरच्या वर जाते. अरुंद घराच्या बाबतीत हा उतरता दगड शेजाऱ्याच्या दारापुढे येऊ शकतो. अर्ज करण्यापूर्वी शेजाऱ्यांकडे जाऊन खडूने रेघ मारून दाखवावी; अंगणांमधली सामाईक भिंत काढायची असेल, तर त्यांची लेखी संमतीही घ्यावी.

फुटपाथच्या खाली काय आहे

फुटपाथवर पाच मिनिटे खाली पाहत चालले, तरी बरेच कळते. पाण्याच्या नळाचे छोटे झाकण, टेलिफोन किंवा केबल कंपनीचे चौकोनी झाकण, गॅसच्या वाहिनीची खूण, दिव्याचा खांब, झाडाची मुळे, या सगळ्यांची नोंद करून फोटो काढावेत. माणसांच्या वजनासाठी बसवलेले झाकण गाडीखाली फुटू शकते आणि ते बदलावे लागते. वाहिनी उथळ असेल तर ती खाली न्यावी लागते, खांब हलवावा लागतो, आणि हा खर्च सहसा अर्जदारावर येतो. रस्त्याकडेचे झाड मात्र बहुतेक काउन्सिल काढू देत नाहीत.

पाणी कुठे जाणार

ओल धरण्याच्या तक्रारी इथून सुरू होतात. नवी फरशी घराच्या भिंतीतील ओलरोधक थराच्या (जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून घातलेल्या थराच्या) निदान १५० मि.मी. खाली राहिली पाहिजे, आणि भिंतीतल्या हवेच्या जाळ्या उघड्या राहिल्या पाहिजेत. उतार घराकडे ठेवला तर भिंत ओल धरते. रस्त्याकडे ठेवला तर अंगणातले पाणी फुटपाथवर जाते, आणि तेही कायद्याला मान्य नाही. तेव्हा हद्दीवर, फरशीच्या रुंदीभर, जाळीची पन्हळ बसवून तिचे पाणी स्वतःच्या मातीत किंवा शोषखड्ड्यात सोडावे. १ ऑक्टोबर २००८ पासून पुढच्या अंगणात ५ चौरस मीटरपेक्षा जास्त भाग पाणी न झिरपणाऱ्या फरशीने झाकायचा असेल आणि त्याचे पाणी झिरपणाऱ्या जागेत जात नसेल, तर प्लॅनिंग परमिशन लागते. काम ताब्यात घेण्यापूर्वी उंबऱ्याशी बादलीभर पाणी ओतून ते कुठे जाते, कुठे साचते, हे उभे राहून पाहावे.

काम झाल्यावर गाडी चढताना हलका धक्का बसतो, अशी तक्रार येते. त्यात बहुधा दोष नसतो: गटारीतले पाणी फुटपाथवर चढू नये म्हणून वाहनांच्या वाटेवर साधारण २५ मि.मी. उंची मुद्दाम ठेवलेली असते. ती बुजवण्यासाठी, किंवा परवानगी येईपर्यंत सोय म्हणून, रबरी किंवा लाकडी ठोकळे गटारीत ठेवू नयेत. त्याने पाणी तुंबते, सायकलस्वार आणि काठी टेकत चालणारे म्हातारे त्यावर अडखळतात, आणि इजा झाल्यास जबाबदारी ठेवणाऱ्यावर येऊ शकते.

अंगणाला फाटक लावायचे असेल, तर ते आतल्या बाजूने उघडणारे किंवा सरकते असावे.

रस्त्यावर रहिवाशांसाठी आखलेले पार्किंग असेल, तर तो भाग कमी करण्यासाठी वाहतूक आदेश, म्हणजे त्या रस्त्यावरील पार्किंगचे नियम ठरवणारा कायदेशीर आदेश, बदलावा लागतो. त्यात बरेच महिने जाऊ शकतात, शिवाय रस्त्यावरची जागा कमी होते म्हणून काही काउन्सिल नकारही देतात. हे अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वीच विचारावे, कारण ते सहसा परत मिळत नाही.

शेवटचा गैरसमज पांढऱ्या रेघेचा. वाटेपुढे काढलेली इंग्रजी एच अक्षरासारखी आडवी रेघ ही केवळ सूचना असते. पार्किंगची अंमलबजावणी काउन्सिलकडे असलेल्या भागांत खाली बसवलेल्या कडेपुढे गाडी लावणे हाच नियमभंग आहे, रेघ असो वा नसो. मात्र एका घराच्या वाटेपुढे त्या घरच्यांच्या संमतीने लावलेल्या गाडीला सूट असल्याने काउन्सिल बहुधा घरमालकाने तक्रार केल्यावरच दंडाची पावती लावते. गाडी अडकली तर समोरच्याच्या काचेवर चिठ्ठी ठेवण्याआधी काउन्सिलच्या पार्किंग विभागाला फोन करावा, आणि तो क्रमांक गाडीतच लिहून ठेवावा.