‘शास्त्र’ म्हणजे नेमकं कोणतं? श्रद्धा आणि विज्ञान वाचायला घेणाऱ्यांसाठी

पहिली ठेच शब्दालाच लागते. रविवारी मंडळीत ‘शास्त्र’ म्हणजे बायबल, सोमवारी कॉलेजात ‘शास्त्र’ म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री. एकाच निबंधात दोन्ही अर्थ आले की मुद्दा कुठे घसरला ते लिहिणाऱ्यालाही कळत नाही. पहिल्या पानापासून ‘पवित्र शास्त्र’ आणि ‘विज्ञान’ असं वेगळं लिहा.

गॅलिलिओचा 1633 चा खटला, डार्विनचं 1859 चं पुस्तक, हे सगळं माहीत आहे असं धरतो. त्यात फारसं कुणी अडकत नाही.

अडकतात ते बायबलच्या वचनाला विज्ञानाचा शोध चिकटवण्यात. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातला प्रकाश म्हणजेच बिग बँग, असं कुणीतरी सांगतं आणि अंगावर काटा येतो. काटा हा पुरावा नव्हे. तोच अध्याय पुढे वाचा: प्रकाश पहिल्या दिवशी, वनस्पती तिसऱ्या, सूर्य चौथ्या. मग ‘सूर्य आधीच होता, चौथ्या दिवशी ढग हटले’ असं ठिगळ लागतं, जे मजकुरात नाही. तिकडे बिग बँगनंतर सुमारे 3,80,000 वर्षं प्रकाश मोकळा फिरूच शकत नव्हता, सुट्या इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरत होता. एक टाका घालावा तर दुसरा उसवतो. आणि समजा सगळं जुळलं, तरी उद्या सिद्धांत बदलला की त्याला बांधलेलं वचनही सोबत पडणार. 1951 मध्ये पोप पायस बारावे यांनी नव्या विश्वरचनाशास्त्रात निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा नाराज झाला तो जॉर्ज लमेत्र. तो स्वतः कॅथलिक धर्मगुरू, आणि 1931 मध्ये आद्य अणूची, म्हणजे बिग बँगच्या आधीच्या रूपाची, कल्पना मांडणारा. घाबरू नका, या खड्ड्यात भलेभले गेलेत.

उपाय कंटाळवाणा आहे. वहीच्या एका पानावर एकच वाक्य घ्या, उदाहरणार्थ ‘विश्वाला सुरुवात आहे’, आणि खाली तीन रकाने आखा. विज्ञानाच्या रकान्यात: सुमारे 13.8 अब्ज वर्षांपूर्वी विश्व अतितप्त, अतिदाट होतं. ‘शून्यातून’ हा शब्द इथे येत नाही. तत्त्वज्ञानाच्या रकान्यात मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस: जगाला आरंभ होता हे केवळ बुद्धीने सिद्ध होत नाही, आणि निर्मिती म्हणजे मुळात जगाचं देवावर अवलंबून असणं. श्रद्धेच्या रकान्यात: देव निर्माता आहे. आता प्रत्येक रकान्यापुढे लिहा, हे चूक ठरायला काय दिसावं लागेल? उत्तरं तीन वेगळ्या जातीची निघतात. अशी दहा पानं झाल्याशिवाय व्यासपीठावर चढू नका. वादविवादाचे व्हिडिओ पाहून हे येत नाही. त्यातून फक्त टाळीची वाक्यं मिळतात.

तुम्ही नागपुरात असाल तर आणखी एक गोष्ट. युरोपातल्या नास्तिकासाठी घडवलेले युक्तिवाद इथे कामाला येत नाहीत. दीक्षाभूमीच्या शहरात समोरचा बौद्ध विचारतो, दुःखाचा विचार करायला निर्माता हवाच कशाला? ‘पहिलं कारण’ त्याला पटत नाही, कारण त्याच्या प्रतीत्यसमुत्पादात, म्हणजे कारणांच्या परस्परावलंबी साखळीत, पहिली कडीच शोधायची नसते. बाबासाहेबांचा बुद्धावरचा ग्रंथ न वाचता उत्तर देणं हा मला निव्वळ उद्धटपणा वाटतो.

साहित्याकडे लोक दागिना म्हणून येतात. हा हट्ट सोडा. फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्ये ख्रिस्ताची कथा ओवीत बांधली, रेव्हरंड टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. छंद बदलला की विचारही हलतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीचा ग्रीक ‘लोगोस’ घ्या: त्यात वाणीसोबत विवेक आणि सुसूत्रताही आहे. मराठीत ‘शब्द’ म्हटलं की शब्दब्रह्म कानात वाजतं. यावर निबंध लिहा, पण कवितेला पुरावा म्हणून उभं करू नका.

मार्गदर्शक निवडताना एकच कसोटी: त्याला ‘माहीत नाही’ म्हणता येतं का? सेमिनरी हिल्सवर धर्मशिक्षण आहे, सिव्हिल लाइन्समध्ये हिस्लॉप कॉलेज. ज्याच्या नावाचं ते कॉलेज, तो मिशनरी स्टीफन हिस्लॉप टाकळीच्या लाव्हाथरांमधले जीवाश्म गोळा करत असे.

पहिला निबंध दोन पानांचाच ठेवा. तो एका भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला आणि मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याला वाचायला द्या. दोघं जिथे भुवई उंचावतील, तिथे पेन्सिलने खूण करा आणि तेवढंच पुन्हा लिहा.