रिब्ड व्हॉल्ट शिकताय? आधी कंपास घ्या

गॉथिक आर्किटेक्चर अभ्यासाला आलं की मुलं व्हॉल्टच्या, म्हणजे कमानदार दगडी छताच्या, प्रकारांची नावं घोकत बसतात. रिब्ड व्हॉल्ट म्हणजे दगडी फासळ्यांच्या कमानी असलेलं छत. माझं ऐका, नावं राहू द्या. मला हा विषय कळला तो कागदावर काढलेल्या चौरसामुळे.

छताचा एक खण समजून सहा मीटर बाजूचा चौरस घ्या. बाजूवर अर्धगोल कमान उभारली तर तिची उंची तीन मीटर. आता तशीच अर्धगोल कमान कर्णावर उभारा. कर्ण भरतो साडेआठ मीटरच्या आसपास, त्यामुळे उंची सव्वाचारच्या जरा खाली. म्हणजे मधला माथा कडेच्या कमानींपेक्षा सव्वा मीटर वर! चौरसाचा आयत झाला की आणखी पंचाईत, तिथे तीन उंच्या जुळवायच्या. टोकदार कमानीत मात्र रुंदी तीच ठेवून उंची हवी तेवढी घेता येते. हे हाताने काढा. नुसतं वाचून डोक्यात शिरत नाही.

मग इंग्लंडमधल्या डरहॅम कॅथेड्रलच्या नेव्हचे (चर्चच्या लांबट मुख्य दालनाचे) फोटो उघडा. काम १०९३ मध्ये सुरू झालं, नेव्हचं छत ११३३ पर्यंत झालं. कर्णावरच्या फासळ्या गोल आणि नेव्हला आडव्या जाणाऱ्या कमानी टोकदार, हे चटकन दिसेल आणि का, तेही सांगता येईल. पॅरिसजवळच्या सेंट-डेनी चर्चचा ११४४ मधला पूर्वभाग त्यानंतर बघा. तिथले वेडेवाकडे बे (छताचे खण) याच युक्तीने झाकले आहेत.

प्रत्यक्ष इमारतीत गेलात तर माथ्याकडे बघत मान मोडून घेऊ नका. फासळ्या खांबातून जिथे निघतात तिथे बघा. पक्व गॉथिक कामात तिथले पहिले काही थर आडवे बसवलेले असतात आणि सगळ्या फासळ्यांची सुरुवात एकेका दगडातच कोरलेली असते. त्याच्या वर सांधे तिरके होतात, फासळ्या सुट्या होतात. खरी कमान तिथून सुरू होते, सेंटरिंगही (बांधताना कमानीखाली दिलेला तात्पुरता आधार) मुख्यतः तिथून वरच लागायचं.

परीक्षेत ‘फासळ्या सगळा भार पेलतात’ असं डोळे झाकून लिहू नका. फ्रेंच वास्तुकार व्हियोले-ल-द्यूकने एकोणिसाव्या शतकात तसं मांडलं खरं, पण १९३४ मध्ये पोल आब्राम या वास्तुकाराने ते खोडून काढायचा प्रयत्न केला. पहिल्या महायुद्धात बाँबगोळ्यांनी फुटलेल्या चर्चमध्ये काही ठिकाणी फासळ्या गळून पडल्या आणि वरचा दगडी पडदा (फासळ्यांमधला छताचा भाग) तसाच उभा राहिला, हा त्याच्या बाजूचा भक्कम पुरावा. मला वाटतं, बांधताना फासळीचा उपयोग निर्विवाद आहे. बांधून झाल्यावर ती किती काम करते, ते छतागणिक बदलतं. बाजूला जाणारा रेटा मात्र कुणालाच चुकला नाही. सुमारे ४८ मीटर उंच चढवलेलं फ्रान्समधल्या बोव्हे कॅथेड्रलच्या क्वायरचं (वेदीकडच्या भागाचं) छत १२८४ मध्ये कोसळलं. ते पुन्हा उभारताना मध्ये जादा खांब घालावे लागले.

युरोपचं तिकीट परवडत नसेल तर जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चला जा. इमारत १६६१ ची, म्हणजे मध्ययुगीन नव्हे, पण नेव्हवर बॅरल व्हॉल्ट (अर्ध्या पिंपासारखं सलग छत) आणि क्रॉसिंगवर (नेव्ह आणि आडवं दालन छेदतात तिथे) फासळ्यांचा, अशी जोडी एकाच फेरीत बघून होते. फॅन व्हॉल्टच्या (पंख्यासारख्या पसरणाऱ्या फासळ्यांच्या छताच्या) वाटेला एवढ्यात जाऊ नका. त्यात फासळी आणि मधला पडदा पुष्कळदा एकाच दगडातून काढतात, त्यामुळे वरचं निम्मं गणित तिथे लागू पडत नाही.