एका ट्रॅक्टरचं बॉनेट दुसऱ्यावर बसवताना

जुन्या गार्डन ट्रॅक्टरचं बॉनेट गंजून चाळण झालंय आणि हाताशी दुसऱ्याच मॉडेलचं धडधाकट बॉनेट आहे, तर ते जरूर बसवा. माझा हट्ट एकच: भोक पाडायचं, कापायचं, वाकवायचं ते ब्रॅकेट, म्हणजे बॉनेट चेसिसला जोडणारी पट्टी. पत्र्याला हात लावायचा नाही. ब्रॅकेट साध्या लोखंडी पट्टीतून हवं तितक्यांदा करता येतं; साठच्या दशकातला प्रेसमध्ये दाबलेला पत्रा आता कोणी बनवून देत नाही.

आधी दोन्ही मॉडेलांचं नातं बघा. सिम्प्लिसिटी कंपनी अ‍ॅलिस-चाल्मर्ससाठीही गार्डन ट्रॅक्टर बनवायची, त्यामुळे या दोन नावांमध्ये अदलाबदल सोपी जाते. उलट एकाच नावाखाली फसगत होते. जॉन डिअर ११० चे मडगार्ड १९६७ पर्यंत गोल, १९६८ पासून चौकोनी. कब कॅडेट या ब्रँडच्या ट्रॅक्टरची चेसिस १९७१ च्या सुमारास रुंद झाली. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका. भोकांची अंतरं, बिजागरीची उंची आणि डॅशबोर्डपासून ग्रिलपर्यंतची लांबी स्वतः मोजा. भोकांचा पुठ्ठ्याचा साचा कापून दुसऱ्या चेसिसवर धरला की फरक लगेच कळतो.

मग बॅटरीची तार काढा आणि बॉनेट नुसतं टेकवून बघा. इंजिनाच्या सगळ्यात उंच भागावर, बहुधा एअर क्लीनरच्या झाकणावर, ओल्या मातीचा गोळा ठेवा. वर प्लास्टिकचा कागद घाला, नाहीतर माती पत्र्याला चिकटते. बॉनेट हळूच बंद करून उघडा आणि चपटलेल्या मातीची जाडी मोजा. अर्धा इंच तरी हवी, कारण एका सिलिंडरचं इंजिन बंद करताना चांगलंच हिसके देतं. इंजिन रबरावर बसवलेलं असेल तर मी आणखी जागा सोडतो.

हवेचा रस्ता अजिबात अडवू नका. ही इंजिनं हवेवरच थंड होतात. फ्लायव्हीलच्या जाळीसमोर पत्रा आला किंवा सायलेन्सरची गरम हवा आतच कोंडली, तर दिसायला कितीही सुंदर असलं तरी ते बॉनेट त्या ट्रॅक्टरचं नव्हे.

बोल्ट जपून निवडा. पाच-सोळांश इंची बोल्ट आणि आठ मिलिमीटरचा बोल्ट जाडीला जवळजवळ सारखेच, पण आटे वेगळे. नट दोन-तीन फेरे जातो, मग अडतो. तिथे पान्याने जोर केलात की आटे गेलेच. फायबरचं बॉनेट असेल तर मोठे वॉशर घाला आणि बेताने आवळा.

वेल्डिंग लागलंच तर ब्रॅकेट खोलून, पेट्रोलच्या टाकीपासून दूर नेऊन करा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा घासायचा तो पाण्याने, मास्क लावून.

तासभर चालवून झालं की सगळे बोल्ट पुन्हा आवळा. इंजिन लागून आतला रंग घासला जाऊन पत्रा चकाकताना दिसला तर ब्रॅकेटखाली आणखी एक वॉशर सरकवा.