वेस्टर्न वळणाचा टाइप वापरताना या चुका टाळा

नेहमीच्या रोमन अक्षरात उभी रेघ जाड असते आणि आडवी बारीक. 'वेस्टर्न' म्हणून आपण ओळखतो त्या टाइपात, म्हणजे अक्षरांच्या वळणात, हे नेमकं उलटं असतं. डोक्याशी आणि पायाशी रुंद पट्टे, मधल्या उभ्या रेघा त्यामानाने सडपातळ. या घराण्याचं नाव फ्रेंच क्लॅरेंडन. तुमच्या संगणकात 'प्लेबिल' असेल, तर तो याच घराण्यातला.

पहिली चूक हा टाइप फक्त काउबॉयचा समजण्याची. जाडी उलटी करण्याचा हा प्रयोग 1821 मध्येच लंडनच्या कॅसलॉन अँड कॅथरवुड या फाउंड्रीने, म्हणजे टाइप ओतणाऱ्या कारखान्याने, केला होता. अमेरिकेत त्याला बळ मिळालं ते लाकडामुळे. मोठ्या आकाराचे शिशाचे खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरठसे, महाग आणि अतिशय जड. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने 1827 मध्ये लाकडी खिळे कोरायला राउटर यंत्र वापरलं, 1828 मध्ये त्यांचा कॅटलॉग काढला, आणि हातभर अक्षरं गावोगावच्या छापखान्यांना परवडू लागली. नाटक, सर्कस, लिलाव, आगबोटीचं वेळापत्रक, सगळं त्यात छापलं गेलं. काउबॉयशी त्याची गाठ पक्की केली ती पुढे सिनेमाने. म्हणून लोणच्याच्या बाटलीवर किंवा नाट्यमहोत्सवाच्या पोस्टरवरही तो शोभतो. शेजारी घोड्याची नाल, टोपी आणि दोरखंड चिकटवू नका, अक्षरं पुरेशी बोलतात.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती ताणाताणी. जुन्या पोस्टरवर प्रत्येक ओळ कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेली दिसते. ते पाहून आपण कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये शब्दाचा कोपरा धरतो आणि ओढतो. जुना कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारा कामगार, लाकूड ताणू शकत नव्हता. त्याच्याकडे अरुंद, अतिअरुंद, रुंद असे वेगवेगळे कोरलेले संच असत. लांब शब्दाला अरुंद संच, छोट्या शब्दाला रुंद. एका पोस्टरवर पाच-सहा प्रकारचे टाइप दिसतात ते यामुळेच. शब्द आडवा ओढला की उभ्या रेघा फुगतात, पट्ट्यांची जाडी मात्र आहे तेवढीच राहते. ज्या फरकावर हे अक्षर उभं आहे तोच पुसला जातो. आडवं दाबलं तर उभ्या रेघा काडीसारख्या होतात. उपाय साधा आहे: अक्षराचा आकार बदला, दुसरा टाइप घ्या किंवा ओळीच्या दोन्ही बाजूंना रेघ, तारा, हाताचं बोट असं चिन्ह घालून जागा भरा.

सगळं मॅटर याच टाइपात लावणं ही तिसरी चूक. लिंकनच्या हत्येनंतर अमेरिकेच्या युद्ध खात्याने 20 एप्रिल 1865 रोजी काढलेलं इनामाचं पत्रक पाहा. 1,00,000 डॉलरचा आकडा डोळ्यांत भरेल एवढा ठळक, पण आरोपींचं वर्णन बारीक, साध्या वाचनीय अक्षरात. मेन्यूकार्डात पदार्थांच्या गटांची नावं या टाइपात ठेवा, पदार्थांची नाहीत.

आता काही तांत्रिक अडचणी.

दरांच्या जागी रिकामा चौकोन येतो का? ₹ हे चिन्ह 2010 मध्ये स्वीकारलं गेलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते असणार नाही. मी एकदा प्रूफ (छपाईआधी तपासायची प्रत) घाईत पाहिलं आणि एका खानावळीचं अख्खं दरपत्रक चौकोनांसकट छापून आलं. तेव्हापासून आधी चिन्हं तपासतो, मग मॅटर लावतो. ₹ नसेल तर दुसऱ्या जाड पट्टीदार फॉन्टमधून घ्या.

'रोजवुड'सारख्या दुरंगी टाइपात नक्षी आणि भराव असे दोन फॉन्ट एकावर एक बसवायचे असतात. ते सरकत असतील तर कर्निंग, म्हणजे अक्षरांमधल्या अंतराची सोय, 'ऑप्टिकल'वर आहे का पाहा. त्यात प्रत्येक थराच्या आकारानुसार अंतर वेगळं मोजलं जातं. दोन्ही थर 'मेट्रिक्स'वर, म्हणजे फॉन्टमध्येच ठरवलेल्या अंतरावर, आणा. छपाईला देताना कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचं आकृतीत रूपांतर करा, आणि लहान आकारात नक्षी वापरूच नका, शाई भरून ती बुजते.

झिजलेल्या लाकडाचा भास देणाऱ्या फॉन्टमध्ये प्रत्येक 'E'वर तोच ओरखडा येतो. खऱ्या खिळ्यांत प्रत्येकाची झीज वेगळी असायची. स्वच्छ फॉन्ट घेऊन झिजेचा पोत सगळ्या ओळीवर एकत्र टाकला, तर हे टळतं.

मराठी नावाबाबत मी जरा हट्टी आहे. देवनागरीच्या दांड्यांना खाली पट्टे जोडून 'वेस्टर्न देवनागरी' करू नका. आपले उकार आणि ऋकार नेमके तिथेच लागतात. पट्टा आला की 'कु', 'कू' आणि 'कृ' यांतला भेद डोळ्याला पटकन लागत नाही. 'तेको'सारखा उंच, अरुंद देवनागरी टाइप जोडीला घ्या. शिरोरेघ रोमन अक्षरांच्या डोक्यांशी एका रेषेत आणा, वर वेलांटी-मात्रेला जागा ठेवा आणि उकार खाली मोकळे लोंबू द्या.