बाईकचा क्लेम टाकताय? या चुका टाळा, मी केल्या तेवढ्या पुरे

गेल्या गणपतीत कोकणात, रत्नागिरीजवळ हातखंब्याहून पालीकडे जाताना वळणावर गाय बसलेली. पावसाळ्यात रान ओलं म्हणून गुरं हायवेवर येऊन बसतात हे आपल्याला लहानपणापासून माहीत, तरी मी स्पीडमध्येच होतो, ब्रेक मारला आणि बाईक चिखलावरून सरळ घसरत गेली. मला खरचटलं तेवढंच, पण व्हायझर, इंडिकेटर, फुटरेस्ट, हँडल, फोर्क सगळं कामातून गेलं.

आणि लगेच पहिली चूक. सणाची घाई, म्हणून जवळच्या गॅरेजवाल्याकडून हँडल आणि फुटरेस्ट ठोकून सरळ करून घेतलं, घरी आलो, क्लेम टाकला चार दिवसांनी. कंपनीनं नुकसान बघायला पाठवलेला सर्व्हेअर म्हणाला, जे वाकलेलं दिसतच नाही ते मी वाकलेलं कसं लिहू? चूक माझीच, त्या दोन वस्तूंचा एक रुपया मिळाला नाही. तेव्हा फोटो पडल्या जागीच काढा, चारी बाजूंनी, नंबरप्लेट दिसेल असे, मग ॲपवर किंवा टोल फ्रीवर कळवून क्लेम नंबर घ्या, बाईक टेम्पोत टाकून शोरूमला न्या, आणि सर्व्हे होईपर्यंत कोणाला पाना लावू देऊ नका. कोणाला लागलं असेल तर पोलिसांत नोंद हवीच. आणि बाईक अंगणात उघडी ठेवू नका, आपल्या खाऱ्या हवेत आणि पावसात तुटलेल्या टोकाला आठवड्यात गंज चढतो, मग सर्व्हेअर म्हणतो हे जुनंच मोडलेलं आहे. आणि गंज इन्शुरन्समध्ये बसत नाही.

त्याच्याही आधीची चूक म्हणजे पॉलिसी न बघणं. सप्टेंबर 2018 पासून नवीन टू-व्हीलरला 5 वर्षांचा थर्ड पार्टी सक्तीचा झाला. त्यामुळे लोकांना वाटतं पाच वर्षं निवांत, पण बऱ्याच पॉलिसीत ओन डॅमेज (ओडी, म्हणजे स्वतःच्या बाईकच्या नुकसानाचा विमा) फक्त पहिल्या वर्षाचा असतो, तो संपला की तुमच्या स्वतःच्या बाईकला काही नाही, समोरच्याचं नुकसान तेवढं भरलं जातं. आरसी-इन्शुरन्सच्या पाऊचमधला कागद आत्ताच काढा आणि ओडी कधी संपतो ती तारीख बघा. सेकंड हँड घेतली असेल तर पॉलिसी पण 14 दिवसांत नावावर करायची असते, जुन्या मालकाच्या नावावर ओडी क्लेम अडकतो.

आता पुराचं, कारण आपल्याकडे हे दरवर्षीचं टेन्शन. 22 जुलै 2021 ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली ते सगळ्यांना आठवत असेल. पाणी ओसरलं की घरातलं कोणीतरी म्हणतंच, मारून बघ रे एक किक. नाही मारायची! सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पुरानं झालेलं नुकसान ओडीमध्ये बसतं, पण पाणी शिरल्यावर चालू करून इंजिन गेलं तर कंपनी म्हणते हे तुम्ही नंतर केलेलं, आणि इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर वेगळं घेतलं नसेल तर तो खर्च तुमच्या गळ्यात. ढकलस्टार्ट पण नको. चिखलाची रेघ कुठपर्यंत आली त्याचा फोटो धुण्याआधी काढा.

बरं, सेटलमेंट, म्हणजे क्लेमचे किती पैसे मंजूर झाले तो हिशोब. इथे लोक नुसतेच चिडतात, शीट कोणी वाचत नाही. माझी बाईक साडेतीन वर्षांची, बिल 13,400: प्लॅस्टिक 5,200, लोखंडी पार्ट 6,400, मजुरी 1,800. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरीवर घसारा (वापरानं कमी झालेली किंमत) 50 टक्के, मग बाईक नवी असो की जुनी. लोखंडी पार्टवर वयाप्रमाणे, 3 ते 4 वर्षांना 25 टक्के. मजुरीवर काही नाही. म्हणजे 2,600 आणि 1,600 कापले, वर 100 रुपये सक्तीची कपात, हातात 9,100. झिरो डेप (घसारा कापला जात नाही असं जादा कव्हर) असता तर 4,200 वाचले असते. हे गणित शोरूमवाला सांगत नाही, त्याला घाई असते. आणि पहिल्या शीटमध्ये फोर्कचा एक पाइप चुकून प्लॅस्टिकच्या रकान्यात होता, एक मेल टाकला, दुरुस्त झाला. तेव्हा रकान्यावर बोट ठेवून एकेक ओळ बघा. पटत नसेल तर "फुल अँड फायनल" वर सही करायची घाई करू नका. सही केलीच असेल तरी आयआरडीएआयचं (विमा कंपन्यांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) 2015 चं परिपत्रक आहे, नुसत्या सहीनं जास्त मागायचा हक्क जात नाही.

क्लेम घेतला की नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल ओडी प्रीमियमवर मिळणारी सूट) जातो म्हणून लोक घाबरवतात. बाईकचा ओडी प्रीमियमच मुळात कमी, त्यामुळे हजार-पंधराशेच्या खाली खिशातून भरा, त्याच्या वर सरळ क्लेम टाका.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत लिहिलेली बाईकची किंमत) 75 टक्क्यांच्या वर गेला तर टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीऐवजी बाईकची किंमतच मिळते. लोन चालू असेल तर पैसे आधी बँकेला जातात, उरलेले तुम्हाला. भंगार बाईक कुठे जाते आणि आरसीचं काय होतं ते लेखी घ्या, नाहीतर तुमच्या नंबरवर कोणीतरी फिरत राहतो आणि चलन तुमच्या घरी.

नाकारला तर कारण लेखी मागा, कंपनीच्या तक्रार विभागाला मेल टाका, मग आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपाल, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. फक्त कंपनीच्या शेवटच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं.